भिवाच्या छातीवरचा चेंडू

धप्प! दवाने भिजलेला चामडी चेंडू भिवाच्या छातीवर बसायचा तेव्हा होणारा तो आवाज, हिवाळ्याचं कोवळं ऊन अंगावर आलं की मला अजून ऐकू येतो. भिवा आमच्या हायस्कूलचा गोलकीपर. उंच, अबोल, चेहऱ्यावर हसू नाही की रडू नाही. त्या हिवाळ्याआधीच्या पावसाळ्यात त्याचा थोरला भाऊ तापाने गेला होता, आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत एक निश्चल, धूसर प्रकाश वस्तीला आला होता. आम्हीही त्याला फारसं छेडत नसू.

स्वातंत्र्य नवं होतं आणि आमच्या पायांत बूट नव्हते. आमच्या गावी, मुर्रीला, कापणी झालेल्या बांधीत, धानाच्या धसकटांवर आम्ही अनवाणी खेळायचो. धुऱ्यापलीकडे, शेजारच्या शेतात, लाखोळीचं पीक उभं. त्यात चेंडू गेला की मालक सात पिढ्यांचा उद्धार करायचा, म्हणून चेंडू पायाशी जपत जवळच्याजवळ द्यायची सवय लागली. गोंदियाच्या शालेय स्पर्धेत बुटांतले संघ त्या खेळाने चक्रावले आणि आम्ही, कुणाच्या खिजगणतीत नसलेले, जिंकत गेलो.

भिवाचं मात्र निराळंच होतं. थोरला गेल्यावर शेतीला हात उरला नव्हता. बापाने त्याला बजावलं होतं, "हारत नाही तवरिक शाळेत जाय. हारला का बांधीत ये." म्हणून प्रत्येक सामन्यात तो गोल अडवायचा तो शाळेत टिकून राहण्यासाठी.

अंतिम सामन्यात आमचा एकच गोल झाला होता. अगदी शेवटी आलेला चेंडू भिवाने झेप घेऊन छातीशी कवटाळला आणि शिट्टी वाजली. गुलाल, धूळ, मावळतीचं तांबूस ऊन. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तरी चेंडू त्याच्या हातून सुटेना.

"दे ना बे, जिंकलो आपन! काऊन असा करून राहिला?" मी म्हणालो.

तो कुंपणाशी उभ्या असलेल्या बापाकडे बघत होता. खाली उतरून तिकडे गेला.

"बा, हारलो नाही ना."

"नाही हारला. पन म्याच सरले ना गा."

बापाचा स्वर कठोर नव्हता, हेच वाईट. भिवाने चेंडू माझ्या हाती दिला आणि बापामागून निघून गेला. शाळेला ढाल मिळाली, एक दिवस सुट्टी मिळाली. त्यानंतर वर्गात त्याची जागा रिकामी दिसली तेव्हा मला रडूही आलं नाही, नुसतं बधिर वाटलं.

किती हिवाळे सरले, ढालीवरची अक्षरं पुसट झाली असतील. पण हाती आला तेव्हा तो चेंडू भिवाच्या छातीच्या उबेने गरम होता, आणि आठवणीत मी तो अजून खाली ठेवलेला नाही.