मोगऱ्याची मुळं

जयवंतीनं पेंढा बाजूला सारून मातीत बोट खुपसलं. बोट ओलं निघालं. शेजारच्या रोपाशीही तोच प्रकार. तिनं तर आठवडाभर रोपांना पाणी घातलं नव्हतं.

कोसबाडच्या शेती-शिबिरात तिनं नीट ऐकून घेतलं होतं. नव्या मोगऱ्याला रोज घोट घोट पाजायचं नाही. आठवड्यातून एकदाच, पण भरपूर, आणि बुडापासून लांब. मग मुळं पाणी शोधत खाली जातात आणि रोप उन्हाळा काढतं. रानशेतच्या त्यांच्या पाड्यावर होळीनंतर विहीर आटते. हातपंप टेकाडाखाली, आणि ती दोघं कामाला गेली की घरी उरणाऱ्या सासूचे गुडघे तिथवर साथ देत नाहीत. म्हणून तिनं नवऱ्याला ठणकावलं होतं, "मुळं खाली गेल्याबिगर मी भट्टीवर येणार नाय." वीटभट्टीवर नवरा-बायकोची जोडीच लागते. पण बायकोशी वाद घालून पदरात काही पडत नाही, हे जिव्याला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

आता मजुरांना न्यायला भट्टीच्या मुकादमाची गाडी यायची वेळ झाली. तिनं एक रोप उपटून पाहिलं, तर मुळं वरच्यावर लोळत होती.

"तू पाणी घालतोस काय?" तिनं जिव्याला विचारलं.

"मी कशाला घालू? मला तर तू यायला पायजे."

तेही खरंच होतं. मग तिनं सासूला विचारलं. भिकी सुपात तांदूळ पाखडत होती.

"दव पडतो ना रातचा," ती म्हणाली.

दवानं वीतभर माती भिजते? जयवंतीचं डोकंच चालेना.

दुसऱ्या दिवशी ती मजुरीवरून दुपारीच परतली. भिकी वाफ्यात बसून एकेका रोपाच्या बुडाशी तांब्यानं पाणी सोडत होती. सून दिसली तरी तिनं तांब्या लपवला नाही.

"आई, अशानं मुळं वरच राहतील. मग मी जाऊ कशी?"

भिकीनं तांब्या मांडीवर ठेवला.

"गेल्या साली तुम्ही दोघं गेलात. पाऊस लागेपर्यंत मी एकलीच. तापानं पडले, तरी दाराशी कोण आला नाय."

जयवंतीला राग यायला हवा होता. थोडा आलाही, पण तो काढावा कोणावर? गेल्या वर्षी परतल्यावर सासू "बरी हाय" म्हणाली होती, आणि तिनं पुढं काही विचारलंच नव्हतं.

तिनं भिकीच्या मांडीवरचा तांब्या उचलला आणि राहिलेल्या रोपांना पाणी घातलं, अगदी बुडाशी. संध्याकाळी जिव्याला काय सांगायचं, ते मात्र तिला सुचत नव्हतं.