सातव्या दरवाजाचे मार्क

नंदिनीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेले नाही, हे लहानूजी देवगडेंना पुन्हा आठवले तेव्हा ते नेलकटरने जुन्या मासिकांच्या गंजलेल्या पिना उपसत होते. पत्र पोळ्याच्या सुमारास आले होते. आता धान कापून झाले होते. पिनेबरोबर कागदाचा तुकडाही निघून आला. तो त्यांनी बोटाने जागेवर बसवला आणि तसाच दाबून धरला.

"बाबा, या कागदायचा वास येऊन राह्यला घरभर," सून माधवी दारातून म्हणाली. "रद्दीवाल्याले देऊन टाकू का?"

"नको."

"मंग करून काय राह्यले सकाळपासून?"

"मार्क तपासून राह्यलो."

"तुमी कधी मास्तर होते?"

"मी नव्हतो. तो होता."

माधवी हसली. चहाचा कप तिने मासिकांपासून दूर, खिडकीत ठेवला.

'तो' म्हणजे पोंभुर्ण्याचा सोमाजी चहांदे, शाळामास्तर. पस्तीसएक वर्षांपूर्वी नागपूरहून 'घरचा संगणक' नावाचे मासिक निघे. टीव्हीला जोडायचा छोटा संगणक आणि कॅसेटवरून चढवायचे खेळ, यांची तेव्हा नवलाई होती. प्रत्येक खेळाचे परीक्षण दोघांनी करायचे, दोन रकाने शेजारी शेजारी छापायचे आणि दोघांनीही दहापैकी मार्क द्यायचे, अशी संपादकांची पद्धत होती. डाव्या रकान्यात लहानूजी लिहीत. ते ऊर्जानगरच्या वीज केंद्रातल्या ग्रंथालयात कारकून होते. उजवा रकाना सोमाजीचा. संगणक मासिकानेच दोघांना वापरायला दिले होते. घरी वीज आहे, एवढे मात्र लिहून द्यावे लागले होते.

नियम एकच होता. दोघांची परीक्षणे टपालात पडेपर्यंत त्या खेळाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाही. सोमाजी पुस्तके बदलायला चंद्रपूरला आला की ऊर्जानगरला येई, लहानूजींकडे जेवे, पावसापाण्याचे, मुलांच्या शाळेचे बोले. खेळाचा विषय निघायचा झाला तर दोघेही हाताची घडी घालून बसत. या नियमाचा लहानूजींना अभिमान होता. आपल्याकडून कोणावर अन्याय होत नाही, याची आयुष्यात त्यांना खात्री वाटली ती तेवढ्याच काळात.

सोमाजी कमी मार्क देई. वाचकांची पत्रे येत, 'चहांदे गुरुजींना खेळ बघवत नाही काय?' शेवटी संपादकांनी त्याचा रकाना बंद केला आणि संगणक परत मागवला. पुढे मासिकही बंद पडले.

सोमाजी गेल्या वर्षी वारला. त्यानंतर पुण्याच्या कोणा हौशी माणसाने तेव्हाची सगळी संगणक-मासिके इंटरनेटवर चढवली आणि इतरांच्या मार्कांशी ताडून कोणता परीक्षक किती न्यायी, याचा तक्ता केला. तक्त्यात सोमाजी सर्वांत खाली होता. खाली पोरांनी लिहिले होते, 'गुरुजींनी खेळाला पण नापास केलं.' हे सोमाजीच्या मुलीने, नंदिनीने, पाहिले. ती नागपूरला बँकेत असते. वडिलांच्या एका जुन्या पाकिटावरचा लहानूजींचा पत्ता शोधून तिने लिहिले, 'काका, तुम्ही शेजारच्या रकान्यात होतात. बाबा खरेच अन्याय करत होते का? मला धीर देण्यासाठी काही लिहू नका. जे असेल ते लिहा.'

शेवटच्या दोन वाक्यांमुळे लहानूजी अडले होते. त्यांना मनातून नेहमी वाटत आले होते की सोमाजी अन्याय करतो.

म्हणून त्यांनी मासिके काढली होती. 'घरचा संगणक' आणि त्याच्या बरोबरीने निघणारी इतर दोन. एकेक खेळ घेऊन ते सगळ्यांची परीक्षणे ओळीने वाचत. 'सात दरवाजे' नावाचा किल्ल्याचा खेळ होता. इतर मासिकांत आठ, नऊ. लहानूजींचे स्वतःचे नऊ. सोमाजीचे चार. त्याचे परीक्षण त्यांनी पुन्हा वाचले. पहिल्या दरवाजावरचा पहारेकरी, दुसऱ्यावरचा खंदक, तिसऱ्याची किल्ली, सगळे बारकाईने लिहिलेले. पुढचे काहीच नाही. त्यांनी दुसरा अंक उघडला, मग तिसरा. प्रत्येक खेळ सोमाजीने निम्म्यातच सोडला होता.

लहानूजींनी चष्मा काढला. सोमाजी कठोर होता, इथपर्यंत त्यांना सहन होत होते. तो खेळ पुरता न खेळताच मार्क देत होता, हे मुलीला कसे लिहायचे? माधवी कप न्यायला आली, तेव्हा चहावर साय धरली होती.

"नाई प्याले?"

"उद्या पोंभुर्ण्याले जाऊन येतो," ते म्हणाले.

लिहिण्यापेक्षा सोमाजीच्या बायकोला तोंडाने सांगणे सोपे जाईल, असे त्यांना वाटले. एसटीत बसल्यावर ते तितकेसे सोपे वाटेना. जंगल संपले, शेतांत कापलेल्या धानाचे रचून ठेवलेले पुंजणे दिसू लागले, तेव्हा इथूनच परत फिरावे असेही मनात आले. पण स्टँडवर उतरताच ओळखीच्या एकाने हाक मारली आणि थेट घराशी नेऊन सोडले.

गिरजाबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या.

"या भाऊ. मयतीले आले, मंग तोंड नाई दाखवलं. मले वाटलं, फुगून बसले."

"तब्येत..."

"तब्येत तं माही बी बरी नाई. बसा."

त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि पाणी आणून दिले. ओसरीच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली सोमाजीचा फोटो होता. लहानूजी फोटोकडे पाठ करून बसले.

"नंदिनी म्हणे, काकाले चिठ्ठी टाकली. उत्तर नाई."

"त्याच्यासाठीच आलो, बाई." त्यांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "सगळे अंक काढून पाह्यले. सोमाजी... खेळ पुरा खेळत नव्हता."

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांना हसू आले.

"पुरा कसा खेळन, भाऊ? लाईट राहे कुठी?"

"मीटर होतं ना घरी?"

"मीटर होतं. मीटरात लाईट याले पायजे ना! शाळेतून आला का टेप लावे. ते टेप किती येळ कोकले, माहीत हाये ना तुमाले? मंग तो पहारेवाला, मंग तो खंदक. किल्ली घेतली का लाईट गुल. आली का पुन्हा टेप, पुन्हा पहारेवाला. पोरं बसून राहेत सारे, शाळेतले. ते म्हणत, गुरुजी, आज तिसरा होते का चवथा?"

"मासिकाले सांगायचं होतं."

"अन संगणक गेला असता तं? लाईट हाये म्हणून लिवून देल्लं होतं त्यानं. पोरायले कोणं दाखवलं असतं मंग?"

"मले तं सांगायचं."

"तुमाले?" गिरजाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. "तुमचा नियम होता ना बाप्पा. बोलाचं नाई म्हणून. मी म्हणलं त्याले, जास्ती मार्क देऊन टाक, कोणाचं काय जाते? तं म्हणे, जेवढं दिसलं तेवढ्याचेच देईन. दिसलंच नाई त्याचे कसे देऊ?"

पाखडण्याचा आवाज सुरू झाला. लहानूजी हातातल्या पेल्यात पाहत होते. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये लाईट गेल्याचे त्यांना आठवत नव्हते. तिथे खेळ थांबे तो डोळे मिटायला लागले म्हणून.

"तुमी तं शेवटपर्यंत खेळले असान," गिरजाबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्या सात दरवाजात काय राहे शेवटी? पडल्या पडल्या इचारे तो. आता आखरीले आखरीले."

सातवा दरवाजा उघडला की काळ्या पडद्यावर किल्ल्यातला एकेक दिवा लागत जाई. बुरुज, पायऱ्या, तळे, सारे उजळे. लहानूजींनी तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ते दाखवले होते.

"काई नाई, बाई," ते म्हणाले. "दरवाजा उघडला का खेळ संपते."

"एवढंच?"

"एवढंच."

गिरजाबाईंचे हात थांबले. "मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं काई राह्यलं नाई."

निघताना त्यांनी डाळीची पुरचुंडी बांधून दिली. परतीच्या एसटीत ती लहानूजींच्या मांडीवर होती. बाहेर शेतांमधून मोठ्या तारांचे मनोरे वीज केंद्राकडून येत होते आणि गावांच्या डोक्यावरून पुढे निघून जात होते. या रस्त्याने ते कितीतरी वेळा गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी 'सात दरवाजे'चा अंक पुन्हा उघडला. डावा रकाना. स्वतःचे परीक्षण त्यांनी अनोळखी माणसाचे वाचावे तसे सावकाश वाचले. शेवटचा परिच्छेद दिव्यांचा होता, गुपित फुटू नये म्हणून दिव्यांचे नाव न घेता लिहिलेला, आणि तोच सर्वांत लांब होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि वरचे तेवढेच पुन्हा वाचले. पहारेकरी प्रत्येक वेळी त्याच जागी. खंदकावरची उडी अर्धवट जमणारी. किल्ली उगाच लपवलेली. पेन्सिल घेऊन त्यांनी मार्क मांडून पाहिले, खोडले, पुन्हा मांडले. दोन्ही वेळा चारच आले.

मग त्यांनी आंतर्देशीय पत्र घेतले.

'चि. नंदिनीस,

तुझ्या बाबांनी बरोबर मार्क दिले होते. त्यांना जेवढा खेळ दिसला, तेवढ्याला आज मीही तेवढेच दिले. पुढचा त्यांना दिसला नाही, कारण तुमच्याकडे लाईट जात असे. मी शेजारच्या रकान्यात होतो आणि हे मला कधी कळले नाही. माझे मार्क तक्त्यात वर आहेत. हे पत्र त्या पुण्याच्या गृहस्थांना दाखवायला माझी हरकत नाही.

खेळाच्या शेवटी काय होते, ते आज तुझ्या आईने विचारले. मी खोटे सांगितले. खरे काय ते तू विचारलेस तर तुला कळवीन. आईला सांगायचे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

लहानू काका'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात गेले. पत्र पेटीत टाकले आणि बाजूच्या कठड्यावर बसून राहिले. परत मागावेसे वाटेल, हे त्यांना ठाऊक होते. तसे दोनदा वाटलेही. उन्हे चढल्यावर पोस्टमन आला, त्याने पेटी उघडली आणि टपाल पिशवीत भरले.

"काही पाहिजे होतं का काका?"

लहानूजींनी नकारार्थी मान हलवली. पिशवी लावलेली सायकल वळणापलीकडे गेल्यावर ते उठले.