थेट तिकीट आणि आठ किलोंचा कांदा

मेव्हिस लार्टरचा कांदा आठ किलोंचा झाला आणि आता तो कॉर्नवॉलच्या प्रदर्शनाला न्यायचाच, असं तिने ठरवलं. नॉरिचमधल्या तिच्या मागच्या अंगणात इतका मोठा कांदा आजवर झाला नव्हता. अकरा महिने तिने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. थंडीत काचेखाली ठेवलं, उन्हात सावली केली, गोगलगायींच्या मागे तर ती बॅटरी घेऊन फिरली. प्रवासात त्याला धक्का लागू नये म्हणून तिने लोकरीची निळी टोपी विणली आणि शेजारणीच्या माळ्यावरची जुनी बाबागाडी मागून आणली.

बरोबर तिचा थोरला भाऊ होरेस होता. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहणारी. होरेस मोहरीच्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी जग अजून त्याच्याच काट्यावरून जातंय असं त्याला वाटे. कांदा मेव्हिस पिकवी आणि नाकाने सोलायचं काम होरेसकडे.

"हे बघ," लंडनला उतरल्यावर त्याने तिकीट तिच्या नाकासमोर धरलं. "हा बारीक क्रूस दिसतो? याचा अर्थ नॉरिच ते कॉर्नवॉलमधलं ट्रुरो एकच प्रवास. मधलं लंडन जमिनीखालून ओलांडायचं, तेही यातच आलं. थेट तिकीट म्हणतात याला."

"सकाळपासून चार वेळा सांगितलंस, होरेस."

"कारण तू ऐकत नाहीस."

लिव्हरपूल स्ट्रीटवरून त्यांनी भुयारी गाडी पकडली. पॅडिंग्टनला उतरायचं, तिथून ट्रुरोची गाडी. सगळं सरळ होतं. पण मेव्हिसने नॉरिचपासून तीन कप चहा घेतला होता, आणि चहाला थेट तिकीट बिकीट कळत नाही.

"मला उतरावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"पॅडिंग्टनला जा."

"पॅडिंग्टनपर्यंत नाही निभायचं."

किंग्ज क्रॉसला ते उतरले. स्वच्छतागृह तिकीट तपासणाऱ्या यांत्रिक दरवाज्यांच्या पलीकडे, बाहेर होतं. मेव्हिसने तिकीट सरकवलं, दार उघडलं, यंत्राने तिकीट परत दिलं, ती पळाली. होरेस बाबागाडीशेजारी आतच उभा राहिला.

ती परत आली आणि तिकीट पुन्हा सरकवलं. दार उघडेना. पुन्हा सरकवलं. दार ढिम्म.

दारापाशी फोलाके नावाची धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याची कर्मचारी उभी होती. तिने तिकीट पाहिलं. "मॅडम, मध्ये उतरलात तर चालतं. पण मग जमिनीखालचा प्रवास तिथे संपला. पुढे ट्रुरोपर्यंत तिकीट चांगलंच आहे, फक्त पॅडिंग्टनला तुमचं तुम्ही जायचं."

"ती उतरलेली नाही," होरेस आतून म्हणाला. "ती फक्त जाऊन आली."

"सर, जाऊन यायला उतरावंच लागतं."

"मी उतरलोय का? नाही. आमची तिकिटं एकत्र काढलेली आहेत. मी आत आहे म्हणजे आमचा प्रवास चालू आहे."

फोलाकेने एक क्षण विचार केला आणि मग हसून रुंद दाराचं बटण दाबलं. दार सताड उघडलं. "चला मॅडम, या आत. एवढ्यासाठी कोण भांडतंय?"

मेव्हिसने पाऊल उचललं.

"थांब!" होरेस ओरडला. "ही मेहेरबानी झाली. मला मेहेरबानी नको, हक्क हवा. तिकीट चालतंय असं त्यांनी म्हणायला हवं. आत येशील तर चूक कबूल केल्यासारखं होईल."

"कोणाची चूक?"

"आपली!"

"सर, दार उघडं आहे," फोलाके म्हणाली.

"ते बंद करा आणि मग नियमाने उघडा."

मेव्हिस उघड्या दारासमोर उभी राहिली. तिचं वय एकसष्ट होतं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, रविवारी बटाटे किती उकडायचे, मांजर पाळायचं की नाही, हे सगळं होरेसच्या परवानगीने झालं होतं. मांजर पाळलं नव्हतं. पण या कांद्याबद्दल तिने त्याला एक शब्दही विचारला नव्हता. समोर दार सताड उघडं, आत भाऊ, आणि तिला कळलं की आपल्याला आत जायचंच नाहीये.

"होरेस," ती म्हणाली, "कांदा इकडे दे."

"काय?"

"तू जा तुझ्या हक्काने. मी वरून बसने जाते. कांदा दे."

"हा कांदा माझ्या तिकिटावर आत आलाय. तो बाहेर काढला की त्याचाही प्रवास मोडेल."

आता मागे माणसं थबकली होती. त्यांना बाबागाडी दिसत होती, पांघरुणातून डोकावणारी निळी टोपी दिसत होती, आणि हात पसरून उभी असलेली एक रडवेली बाई दिसत होती. पाठीवर भलंमोठं वाद्य अडकवलेल्या एका तरुणीने विचारलं, "काय झालं हो?"

"हा तिला तिचं मूल देत नाहीये," सायकलचं शिरस्त्राण घातलेला माणूस म्हणाला.

"एवढ्या वयात मूल?"

"नातू असेल. आजीचा हक्क काय कमी असतो?"

"अहो, हे मूल नाही!" होरेसने हात नाचवले. "कांदा आहे!"



"लाज नाही वाटत?" एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे सरसावले. "दिसायला कसंही असो, लेकरू आहे ते! चारचौघांत कांदा म्हणता?"

"पण तो कांदाच आहे! बघा ना!"

"कोणाच्या तोंडाकडे असं वाकून बघणं शोभत नाही," मिशावाले म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"मी त्याच्यासाठी रात्र रात्र जागलेय," मेव्हिस म्हणाली. तिचा आवाज खरोखरच कापत होता, कारण ते खरंच होतं. "हिवाळ्यात याने एकदा तरी खिडकी लावली का विचारा!"

"द्या बाईला!" वाद्यवाली ओरडली. मग सगळेच ओरडू लागले. होरेसने आयुष्यात प्रथमच स्वतःविरुद्ध इतकी माणसं एका जागी पाहिली. त्याने गाडीतून कांदा उचलला, पांघरुणासकट, दोन्ही हातांनी, डोकं सांभाळून, आणि उघड्या दारातून बहिणीच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोलाकेने तेवढ्यात टोपीखाली डोकावून पाहिलं, तोंडावर हात दाबला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

बसमध्ये एका आजीबाईंनी सरकून मेव्हिसला जागा दिली. "किती महिन्यांचं?"

"अकरा."

"वजन छान दिसतंय."

"आठ किलो."

"आणि किती शांत! रडत नाही?"

"आजवर एकदाही नाही. दुसऱ्यांनाच रडवतात हे."

आजीबाई काळजीत पडल्या. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"एका माळ्याला दाखवलं. तो म्हणाला, काही नाही, मुळं जरा उशिरा छाटलीत."

आजीबाई पुढच्याच थांब्यावर उतरून गेल्या.

पॅडिंग्टनला होरेस दिसला नाही. मेव्हिस फलाटावर येरझाऱ्या घालत राहिली. ट्रुरोच्या गाडीची शिट्टी व्हायची वेळ आली. कांद्याचं वजन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत व्हायचं होतं, नाहीतर प्रवेश रद्द. जन्मभर ती होरेससाठी दारात, थांब्यावर, दुकानाबाहेर थांबत आली होती. आजही पाय थांबायलाच बघत होते. तिने कांदा घट्ट धरला आणि डब्यात चढली. गाडी हलली तेव्हा तिला जरा रडू आलं, आणि जरा भूकही लागली. तिने होरेसच्या वाटणीचं अंडं-सँडविचही खाऊन टाकलं.

प्रदर्शनात कांदा चौथा आला. पहिला आलेला कांदा बघून मेव्हिसला वाईट वाटलं नाही. तो इतका मोठा होता की त्याला उचलायला दोन माणसं लागत होती. तो पिकवणारी बाई, मिसेस ट्रेगेनझा, तिच्याशी मातीबद्दल तासभर बोलली आणि शेवटी म्हणाली, "आठवडाभर राहा की माझ्याकडे. वाफे दाखवते. एक खोली रिकामीच आहे."

दुपारी होरेस आला. मैदानावरच्या चिखलातून रिकामी बाबागाडी ढकलत, दाढीचे खुंट वाढलेले.

"तू कुठे होतास?" मेव्हिसने विचारलं.

"तिथेच. दाराच्या आत." त्याने टोपी काढली. "मला वाटलं, तू परत येशील. ती पोरगी भली. स्टूल दिलं, चहा दिला. तिची कामाची पाळी संपली तेव्हा म्हणाली, 'सर, त्या मॅडम आता गाडीत असतील.' मग मी बाहेर पडलो."

"आणि पॅडिंग्टनला?"

"चालत गेलो. गाडी ढकलत. सगळे बाबागाडीत डोकावून बघायचे आणि मग माझ्याकडे." त्याने बुटावरचा चिखल झटकला. "एका पोलिसाला तर सगळं सांगावं लागलं."

"काय सांगितलंस?"

"बहिणीचा कांदा आहे म्हणून."

'बहिणीचा' हा शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला. आजवर तो 'आपला कांदा' म्हणायचा, आणि कुणी कौतुक केलं तर 'माझा'.

"कितवा आला?"

"चौथा."

"परीक्षकांना काही कळत नाही," होरेस म्हणाला, आणि पहिला कांदा दिसताच त्याने हातातली टोपी छातीशी धरली.

मेव्हिसने त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं की आपण आठवडाभर इथे राहणार आहोत. म्हणजे आपण नाही, ती.

"पण उद्या आपण परत जायचं ठरलंय! घरी दूधवाल्याला सांगितलंय!"

"तू जा उद्या. दूधही तूच पी."

होरेसने बाबागाडी बाकाला टेकवून ठेवली. मैदानाच्या टोकाला चहाच्या तंबूसमोर लांब रांग लागली होती.

"तुला आणू का?" त्याने विचारलं. "साखर किती घेतेस गं तू?"

"दोन चमचे," मेव्हिस म्हणाली. तो रांगेत जाऊन उभा राहिला.