आठव्या प्रश्नाचं उत्तर तीन

बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसाची खुर्ची कुणाच्याही नकळत सरकत जाते. रुग्णालयातल्या एका कारकुनाच्या आईचीही अशीच सरकली. आधी ती खिडकीपाशी होती. मग ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मधल्या भिंतीला आली, आणि वर्षभरात संडासाच्या दारापासून चार पावलांवर येऊन थांबली. आईनं भावाकडे जाणं सोडलं, लग्नकार्यांना जाणं सोडलं, पुढे पुढे चहासुद्धा अर्ध्या कपावर आणला. घरात कुणी काही विचारलं नाही. म्हातारपणी लघवी वारंवार लागायचीच, त्यात विचारायचं काय, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता गंमत बघा. हाच कारकून रुग्णालयात दिवसभर लोकांना लघवीबद्दल विचारायचीच नोकरी करत होता! साठीपुढच्या बायका-पुरुषांसाठी तिथे एक छापील कागद होता, त्यावर आठ प्रश्न. दिवसात किती वेळा जावं लागतं, रात्री किती वेळा उठता, लागल्यावर दम धरवतो का, कपड्यांत होते का, जोर करावा लागतो का, असे पहिले सात. आठवा वेगळा होता. या सगळ्यामुळे जगणं किती अवघड झालंय? शून्य म्हणजे काहीच वाटत नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. ज्यांचा या आठव्या उत्तराचा आकडा चार किंवा त्याच्या वर, त्यांनाच डॉक्टर पुढच्या तपासणीला बोलवत.

पहिले सात प्रश्न कारकून भराभर उरकायचा. आठव्यावर माणसं अडायची. पुरुष छताकडे बघायचे, बायका पदराशी चाळा करत "चालायचंच" म्हणायच्या. मागे रांग खोळंबायची आणि रांगेतला एखादा तापट गृहस्थ घड्याळ दाखवायचा. शेवटी कारकुनानं तोडगा काढला. आठव्या प्रश्नाला तो न विचारताच तीन लिहू लागला. ना इकडचं ना तिकडचं, कुणाची तक्रार नाही. असे किती कागद त्यानं भरले, त्यालाही सांगता आलं नसतं. त्यातला एक त्याच्या आईचा होता. आईला तिष्ठत बसवायला नको म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं तो घरी आणला, बायकोला विचारून सात आकडे अंदाजानं टाकले आणि आठवा सवयीनं. खरं कारण वेगळं होतं. जन्मदात्या आईला हे असलं विचारायची त्याला लाज वाटत होती.

एके दिवशी दुपारी एक निवृत्त शिक्षिका कारकुनाच्या खिडकीशी आल्या. दोन वर्षांत आपल्याला बोलावणं का आलं नाही, म्हणून त्यांनी आपला कागद मागून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा तीन कुणी लिहिला?"

"तुम्हीच सांगितला असेल, बाई."

"मला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आणि तीस-बत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात मी, दुसऱ्यानं लिहिलेलं उत्तर मला ओळखू येतं."

कारकून ओशाळला. रांग मोठी असते, बायका सगळ्या एकच उत्तर देतात, असं काहीबाही पुटपुटला. बाईंनी आवाज चढवला नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला समजवावं तसं त्या सांगू लागल्या.

"आमच्या शेजारचे एक गृहस्थ दिवसातून बारा वेळा जातात आणि मजेत पत्ते खेळतात. मी सात वेळा जाते. तुमच्या कागदावर त्यांचा त्रास मोठा, माझा लहान. पण मी दीड वर्षात वाचनालयाची पायरी चढले नाही. बहीण वारली तेव्हा तीन तासांचा प्रवास झेपणार नाही म्हणून तिचं तोंड पाहायला गेले नाही, आणि लोकांना सांगितलं की गुडघे दुखतात. हे सात आकड्यांत कुठे बसतं? म्हणून तर आठवा प्रश्न ठेवलाय. तो ज्याचा त्यानंच सांगायचा असतो."

"मग काय लिहू?"

"पाच लिहा. सहा मी पुढे लागेल म्हणून राखून ठेवलाय."

रांगेतलं कुणीतरी हसलं. कारकुनाला हसू आलं नाही. बाईंची गुडघ्यांची सबब ऐकताना त्याला आपल्या आईचे गुडघे आठवले होते. भावाकडे का जात नाहीस म्हटलं, की तीही गुडघ्यांचंच नाव सांगायची.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तो कोरा कागद घेऊन आईसमोर बसला. कान तापले होते, तरी त्यानं विचारलं. आईनं आधी उडवून लावलं. मग दोन-तीन प्रश्नांना तुटक उत्तरं दिली. आठव्या प्रश्नावर ती म्हणाली, "तू जरा बाहेर जा. तिला पाठव."

तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मधलं दार लोटलेलं होतं, तरी ऐकू येत होतं. आईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं, चार वर्षं. हातानं आत सारल्याशिवाय लघवी होत नव्हती, आणि मोकळी तर कधीच होत नव्हती. सारखं जायला नको म्हणून ती दिवसभरात दोन भांडी पाणी पीत होती. सून रडायला लागली, तेव्हा आईच तिची समजूत घालू लागली. कारकून ओट्याला धरून तसाच उभा राहिला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं आईला रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी त्याला आत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. लघवी वर्षानुवर्षं तुंबून दोन्ही मूत्रपिंडं सुजली होती, फार थोडं काम करत होती. दोन वर्षांपूर्वी हे साध्या इलाजानं थांबलं असतं. आता अंग वर धरून ठेवायला आत बसवायची कडी देऊ, त्रास थोडा हलका होईल, पण गेलेलं परत येणार नाही आणि शस्त्रक्रिया त्या शरीराला सोसणार नाही.

"आधी कधी विचारलं नव्हतं का यांना?" डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

त्यानं आईपासून लपवलं नाही. तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. तो जुना कागद, अंदाजाचे सात आकडे, सवयीचा तीन. चूक माझी आहे, म्हणाला. आईनं ऐकून घेतलं. तिनं त्याला जवळ घेतलं नाही की बोलही लावला नाही.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, देव जाणे," ती म्हणाली. "पण विचारायला हवं होतंस रे."

ती पुढे आठ महिने जगली.

कारकून अजून त्याच खिडकीत बसतो. आता तो आठवा प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पेन उचलत नाही. बायकांना त्यानं शेजारच्या खोलीत परिचारिकेकडे बसवायची सोय करून घेतली आहे. रांग लांबते, लोक चिडतात, वरिष्ठांनी दोनदा समज दिली. जुने तीनवाले कागद काढून तो रोज पाच-सहा घरी फोन लावतो. काही जण येतात. काहींचा नंबर बंद असतो. आणि बऱ्याच ठिकाणी मुलगा किंवा सून फोन उचलून सांगते की त्या गेल्या, मागच्या वर्षीच. मग तो त्या कागदावर एक रेघ मारतो आणि पुढचा घेतो. त्यानं काही भरून निघत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मित्रहो, म्हातारं माणूस किती वेळा उठतं हे घरात सगळ्यांना दिसतं. त्यापायी त्यानं काय काय सोडलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि त्याच्या वतीनं उत्तर द्यायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. तेव्हा आपल्या घरातल्या थोरांना आजच विचारा. विचारताना लाज वाटेल, तीही थोडाच वेळ. न विचारल्याची लाज त्या कारकुनाला जन्मभर पुरणार आहे.