शेजारणीचा वाटा

कुंपणातलं छोटं दार वाजलं, तशी युजंग हातातलं काम टाकून उठली. कुर्बान ऐतची, म्हणजे बकरी ईदची, सकाळ होती. या वेळी बाल्जान आपाशिवाय दुसरं कोण येणार, आणि तिच्या हातात निळ्या काठाच्या पातेल्याशिवाय दुसरं काय असणार!

"घे गं पोरी," बाल्जान आपा म्हणाली. "यंदा जांबास तुमच्यासाठी ठेवलंय. कंबरेचं हाड, मानाच्या पाहुण्याचा वाटा. माझ्या लेकानं, तोलेगेननं, सुरीचा एक ओरखडा न उमटवता सांध्यातून सोडवलंय, बघ. दुसऱ्या कुणाला देऊ नको हं!"

"कशाला एवढं, आपा?" युजंगनं दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, वाकून आभार मानले, तोंडभर हसली. दार लागलं आणि हसू मावळलं.

युजंग, तिचा नवरा थेहो आणि मुलगी बोमी कोरियातून कझाक मुलखातल्या तालदीकोर्गानला येऊन काही वर्षं झाली होती. थेहो इथल्या शेतकऱ्यांना पॉलिहाऊसमध्ये भाजीपाला घ्यायला शिकवायचा. ख्रिस्ती माणसं, आणि पक्की. प्रार्थनेवाचून घास उचलायची नाहीत. युजंगच्या माहेरी पितरांपुढे ठेवलेल्या अन्नाला कुणी शिवत नसे. त्यापायी तिच्या आजीनं सासरच्यांचा जाच सोसला होता. तेव्हा दुसऱ्या धर्माच्या कुर्बानीचं मांस घरात शिजवायचं, हे तिच्या मनाला पटेना. यात तिचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ज्याची त्याची श्रद्धा.

चुकत होतं ते पुढेच. तिनं ते मांस वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या पिशवीत घातलं आणि पिशवीला घट्ट गाठ मारली. दर वर्षी हेच चालायचं. गल्लीच्या टोकाला कचऱ्याची पेटी होती. आणि रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून पातेल्यात ती तांदळाचे गोड लाडू भरून पाठवायची. बाल्जान आपा ते बिस्मिल्ला म्हणून मिटक्या मारत खायची.

"बोमी, आपानं विचारलं तर काय सांगायचं, ठाऊक आहे ना?"

"'फार मऊ झालं होतं, बाबांनी दोनदा वाढून घेतलं,'" बोमीनं धडा म्हणून दाखवला. दुसरीतली पोर, पण अडखळली नाही. "आई, या वेळी 'हाडसुद्धा चोखलं' असं सांगू का? दर वर्षी तेच तेच बरं दिसत नाही."

युजंगला हसू आलं. पोर हुशार आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानातून परतत होत्या. बाल्जान आपा फाटकाबाहेर नातीच्या, तोमिरिसच्या, वेण्या घालत बसली होती.

"काय गं बोमी, कसं झालं जांबास?"

"फार मऊ, आपा! बाबांनी दोनदा वाढून घेतलं. हाडसुद्धा चोखलं!"

"शाब्बास! बघ, म्हटलं नव्हतं मी..." आपा थांबली.

गल्लीच्या टोकाकडून तिचाच कुत्रा, अक्तोस, शेपूट हलवत येत होता. तोंडात फाटकी काळी पिशवी. त्यानं ती मोठ्या इमानानं मालकिणीच्या पायाशी आणून टाकली. आतून कोरियन अक्षरांचं वर्तमानपत्र बाहेर आलं, आणि वर्तमानपत्रातून ते हाड, मांसासकट, जसंच्या तसं. सुरीचा एक ओरखडा नसलेलं!

गल्लीत कोरियन वर्तमानपत्र वाचणारं दुसरं घर नव्हतं, त्यामुळे बोलायला जागाही नव्हती. युजंगला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. बाल्जान आपा खाली वाकली. तिनं मांसावरची माती हातानं झटकली आणि ते पदरात घ्यावं तसं ॲप्रनमध्ये घेतलं.

"अन्न रस्त्यात पडू देऊ नये," एवढंच म्हणाली, आणि नातीला घेऊन आत गेली.

बोमीनं आईचा हात ओढला. "आई, आता काय सांगायचं?"

अरेरे! चोरी पकडली गेल्याची लाज एक, आणि आपल्या लेकराला चोरीत हाताशी धरल्याची लाज दुसरी. ती दुसरी फार खोल जाते, वाचकहो.

संध्याकाळी कुंपणातल्या छोट्या दाराला पलीकडून कडी लागली. दोन्ही पोरींना रस्त्यावरून वळसा घालून यावं-जावं लागू नये, म्हणून तोलेगेननंच ते दार करून दिलं होतं. बोमी आपल्या बाजूनं ढकलून ढकलून परत आली.

"सांग तिला, मांस खराब झालं होतं," थेहो म्हणाला. "संपलं."

"म्हणजे आणखी एक थाप?"

"मग बस रडत." तो वैतागून टीव्हीसमोर जाऊन बसला. लाज त्यालाही वाटत होती. पण पुरुषांची लाज बहुधा रिमोट शोधत बसते.

रविवारी युजंग उपासनेला गेली खरी, पण मुलांच्या वर्गाला शिकवायला उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. समोर पहिल्या रांगेत बोमी बसली होती. "डोकं दुखतंय," असं सांगून ती चर्चच्या स्वयंपाकघरात आली. ही पुन्हा थापच! तिथं क्लारा आजी मंडळीच्या जेवणाच्या बश्या विसळत होती. कोरियन वंशाची, पण जन्मानं इथलीच. जिभेला हाड नाही आणि मनात मळ नाही, अशी म्हातारी.

"आजी, माझ्या हातून पाप झालं." युजंगनं सगळं सांगितलं.

"यातलं पाप कोणतं? मांस खाल्लं नाहीस ते?"

"नाही. फेकलं ते."

"पुन्हा सांग."

"खोटं बोलले ते."

"अजून जरा."

युजंगचे डोळे भरून आले. "बोमीला बोलायला लावलं ते."

"हां! आता कसं बोललीस." आजीनं बशी पालथी घातली. "नाही खायचं तर नको खाऊ. मी खाते, तो माझा आणि देवाचा प्रश्न. पण 'आपा, माझ्या धर्मात मला हे चालत नाही' एवढं म्हणायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

"तिला वाईट वाटलं असतं, आजी."

"आणि आता काय, आनंद झालाय?"

युजंग तिथल्याच स्टुलावर बसली.

"त्या वेळच्या सरकारनं पूर्वेकडच्या सगळ्या कोरियनांना हुसकलं, तेव्हा माझ्या आईला आगगाडीतून आणून इथल्या उश्तोब्याच्या माळावर टाकलं होतं," आजी सांगू लागली. "वर छप्पर नाही आणि हिवाळा तोंडावर. जमिनीत खड्डे खणून राहिली आपली माणसं. पलीकडच्या वस्तीतली एक कझाक बाई भाकरी आणून द्यायची, म्हणून जगली. एकदा तिनं घोडीचं आंबवलेलं दूध आणलं. आईनं एक घोट घेतला आणि सरळ सांगितलं, बाई, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. ती बाई काय रागावली? पोट धरून हसली! दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी त्यावर हसायच्या. आईकडे तिला द्यायला काही नव्हतं गं. खरं बोलणं तेवढं होतं, ते तिनं दिलं. तुझ्याकडे सगळं आहे, आणि तू तिला काय दिलंस? लाडू!"

युजंगनं डोळे पुसले नाहीत. तशीच उठली. बोमीला घेतलं आणि बाल्जान आपाच्या मोठ्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

आपानं आत घेतलं. दारी आलेल्याला परत पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. पण चहाची वाटी तिनं काठोकाठ भरून पुढं केली. इथं प्रेमाच्या माणसाला वाटी अर्धीच भरून देतात, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून. भरलेली वाटी म्हणजे पी आणि नीघ.

"आपा, या वर्षीचंच नाही. दर वर्षीचं मांस मी फेकलं. माझ्या धर्मात मला ते चालत नाही, आणि सांगायची हिंमत झाली नाही. वर मुलीला खोटं बोलायला शिकवलं. मला क्षमा कर."

"मांसाचं काय एवढं!" आपानं चहाची किटली बाजूला सारली. "हिवाळ्यात तुझी पोर तापानं फणफणली होती, थेहो गावाला होता, तोलेगेननं बर्फातून गाडी काढली. आठवतं? ती बरी झाली म्हणून यंदा कुर्बानीच्या दुआत त्यानं हिचं नाव घेतलं. आणि ते तू कचऱ्यात टाकलंस?"

युजंगची मान छातीला टेकली. तेवढ्यात बोमीला रडू फुटलं.

"आई, मी खाल्लंय ते. दर वर्षी. इथं, तोमिरिसच्या ताटातलं. 'तिकडे खाल्लंस का' असं तू विचारायचीस, तेव्हा मी नाही म्हणायचे."

झालं! शेजारणीसाठी शिकवलेलं खोटं केव्हाच घरी परत आलं होतं आणि तिच्याच ताटाला ताट लावून जेवत होतं. युजंगनं लेकीला जवळ ओढलं. "तुझं चुकलं नाही, बाळा. धडा माझा होता. तुझीही मी क्षमा मागते."

बाल्जान आपानं उठून खारवलेल्या मांसाची थाळी आणली आणि मधे ठेवली.

"खा म्हणत नाही. नको असेल तर नको म्हण. पण माझ्या तोंडावर म्हण."

युजंगनं थाळीकडे पाहिलं. एक तुकडा उचलला की सगळं मिटलं असतं. तिनं मान हलवली. "नाही, आपा. मला नाही जमणार. पण बोमीला खायचं असेल तर तिनं खावं, माझ्यासमोर." बोमीनं एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

"बरं!" आपानं ती गार झालेली वाटी बाहेर रिकामी केली आणि पुन्हा चहा ओतला. या वेळी अर्धाच.

निघताना तिनं स्वतःच छोट्या दाराची कडी काढली. बोमी दारातून जाणार, तोच आपानं जुन्या सवयीनं विचारलं, "काय गं, कसं झालं होतं मांस?"

बोमीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खरं असेल ते सांग."

"खारट झालं होतं, आपा. फार खारट."

"अगं बाई! तोलेगेन सकाळपासून तेच म्हणतोय!" आपा खळखळून हसली. युजंगलाही हसू आलं, पण खाली गेलेली मान काही तिला चटकन वर करता आली नाही.

वाचकहो, परमुलुखात मुलं वाढवताना आपण त्यांना देवाधर्माचं सगळं शिकवतो, आणि दारात शेजारीण आली की एका वाक्यात सगळं पुसून टाकतो. शेजाऱ्याला नम्रपणे 'नको' म्हणण्यात त्याचा अपमान नाही. हसून घ्यायचं आणि पाठीमागे फेकायचं, अपमान तो. तेव्हा वाटा नाकारायचा तर समोर नाकारा. मुलं सोबत उभी असतात, आणि ती आपल्या प्रार्थनेपेक्षा आपल्या थापा लवकर पाठ करतात.