वेगमहाराज आणि मोठी डिस्क

फोटो स्टुडिओच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बंद पडलेला मोबाइल आणला होता, कुणी मिक्सर. एका गृहस्थांनी तर भिंतीवरचं घड्याळच काखोटीला मारून आणलं होतं. आत कॉम्प्युटरसमोर वेगमहाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा हात नव्याकोऱ्या मोठ्या हार्ड डिस्कवर होता.

"यंत्रालाही प्राण असतो," महाराज म्हणाले. "प्राण म्हणजे वीज. वीज म्हणजे लहर. आणि लहर आमच्या तळहातात आहे. करा सुरू!"

स्टुडिओच्या थोरल्या मालकाने बटण दाबलं. कालपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकणारी कॉपीची हिरवी पट्टी स्क्रीनवर सुसाट धावायला लागली. वेगाचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तशी गर्दी हेलावली, हात जोडले गेले. महाराज तेवढ्यात उठले, "आम्हाला पुढे जायचं आहे," म्हणाले आणि गाडीत बसून गेलेसुद्धा.

गर्दीच्या मागे धाकटी नखं कुरतडत उभी होती. स्टुडिओ दोन भावांचा. थोरला फोटो काढी, धाकटा बाहेरगावची कामं बघी आणि धाकट्याची बायको, म्हणजे ही, व्हिडिओ जुळवायचं काम करी. हात तयार होता तिचा. गावातली लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं जुन्या डिस्कांवर पडून होती. त्या एकेक करून राम म्हणायला लागल्या, म्हणून सगळं एका मोठ्या डिस्कवर हलवायचं ठरलं. ती डिस्क सुरुवातीला घोड्यासारखी धावे आणि मग रुसून बसे.

आजही तेच झालं. गर्दी पांगली, धाकटी आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि जरा वेळाने आकडा घसरला. शंभर, चाळीस, सात.

"बघ," थोरला म्हणाला. "महाराज बोललेच होते. ज्याच्या येण्याने पट्टी अडेल, त्याची लहर उलटी. रोज तू बसलीस की अडते. उद्यापासून येऊ नकोस तू. राग मानू नकोस, पण डोळ्यांनी दिसतंय ना?"

"मग मी करू काय, भाऊजी?"

"घरात कामं काय कमी आहेत?"

ती घरी आली, पण एका जागी बसवेना. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून पुन्हा आत. सासूबाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खं गाव त्यांना बाई म्हणे. थोडा वेळ त्यांनी तिच्या येरझाऱ्या पाहिल्या आणि मग म्हणाल्या, "खाली बस आणि सांग. डिस्क हळू होते तेव्हा काय काय बदललेलं असतं?"

"मी आलेली असते."

"आणखी?"

"महाराज गेलेले असतात. आणि... बरंचसं कॉपी झालेलं असतं."

"म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलतात. मग खापर तुझ्याच डोक्यावर का?"

धाकटी एकदम म्हणाली, "आई, महाराज हात ठेवण्याआधी कॉपी थांबवून खोली बंद करायला लावतात. मौन म्हणतात त्याला. मी काचेतून पाहिलं होतं. कॉपी बंद होती, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत होता. बंद असताना ती काम कसलं करत होती?"

"आता कसं बोललीस!" बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला महाराज आले तेव्हा बाई खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या. सुनेला त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुकानात, सगळ्यांना दिसेल अशी, उभी केली. मौन झालं. हात ठेवला. पट्टी धावली. महाराज नेहमीप्रमाणे काढता पाय घ्यायला लागले.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "चहा येतोय. आणि हात काढू नका."

महाराज बसले. चहा आला, संपला. हात तिथेच होता आणि त्या हाताखालीच आकडा घसरायला लागला. शंभर, चाळीस, सात.

"कुणाची तरी उलटी लहर..." महाराजांनी घाम पुसला. "त्या मुलीची सावली पडली असेल."

"मध्ये मघाच ट्रक येऊन उभा राहिलाय," बाई म्हणाल्या. "सावलीही ट्रक ओलांडून येते का?"

गर्दीत खसखस पिकली. बाईंनी कॉपी थांबवली आणि सगळ्यांना बाहेर काढलं, महाराजांनाही. मंत्र नाही, हात नाही. काचेला नाकं लावून सगळे त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिले. दिवा शांत झाला तशी धाकटी रस्ता ओलांडून आली, एकटी आत गेली, आपल्या खुर्चीत बसली आणि तिने बटण दाबलं. पट्टी सुसाट निघाली. वळून पाहिलं, तर महाराजांची गाडी नव्हती.

"पण मग हे होतं कशानं?" थोरल्याने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"दुकानाला काउंटर असतो आणि मागे गोदाम असतं ना, तसं," धाकटी म्हणाली. "या डिस्कला छोटा काउंटर आहे. त्यावर माल पटापट पडतो. काउंटर भरला की प्रत्येक वस्तू गोदामात नीट लावल्याशिवाय पुढची घेता येत नाही. उसंत दिली की ती आपली आपण काउंटर रिकामा करते. तेच ते मौन. बनवणाऱ्या कंपनीनेच तसं सांगितलंय, काल वाचलं मी. आपण थोडं थोडं कॉपी करू, मध्ये थांबू. सगळं होईल, भाऊजी."

"मला वाटलं..." थोरला अडखळला. "चुकलंच माझं. खुर्ची तुझीच आहे."

तेवढ्यात गर्दीतून शिलाईच्या दुकानवाल्या काकू पुढे आल्या. "बाई, माझ्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा. महाराजांनी सांगितलं, सुनेचा हात जड आहे. तिला माहेरी पाठवलंय मी."

"आणि दोरा तुटायचा थांबला?"

काकूंनी मान हलवली. "नाही. अजून तुटतो."

बाई उठल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "यंत्र बिघडलं तर कारण यंत्रात शोधा. नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण ज्याला उलट बोलता येत नाही असं माणूस धरून त्याच्यावर खापर फोडू नका." मग काकूंकडे बघून त्या म्हणाल्या, "सुई बदलून बघू आपण. पण ते नंतर. आधी सुनेला आणायला जा."

काकू मशीनचं नाव न काढता बसथांब्याकडे निघाल्या.