चेंडू पुढे फेकायचा नाही

बाविसाव्या मैलावर मेरिगने चेंडू छातीशी कवटाळला आणि जाहीर केलं, "आता मी मेलो."

"मर, पण आधी चेंडू मागे दे," मागून हेविन म्हणाला. "तुझ्या हातून तो पुढे पडला ना, तर कुमकारूचे लोक तुझ्या मयताला येऊन टाळ्या वाजवतील."

मेरिगने मान न वळवता चेंडू कमरेजवळून मागे सोडला. हेविनने झेलला. रस्त्याकडेच्या घडीच्या खुर्चीवर बसलेला कुमकारूचा माणूस चष्मा सावरत पुढे वाकला, काही सापडतंय का ते पाहिलं, आणि हिरमुसून वहीत बरोबरची खूण केली. मैलामैलाला असा एकेक माणूस बसवलेला होता.

हे सगळं सुरू झालं फेब्रुवारीत. पेनवर्न गावाच्या रग्बी संघातला एकोणीस वर्षांचा माक्सेन खेळताना मानेवर पडला आणि त्याचे हातपाय लुळे पडले. त्याला चाकाच्या खुर्चीसकट आत घेणारी गाडी हवी होती. गावाने पैसे जमवले, तरी कमी पडले. तेव्हा शेजारच्या कुमकारू क्लबचा अध्यक्ष इदवाल, म्हणजे पेनवर्नचा साठ वर्षांपासूनचा वैरी, आपणहून दारात येऊन उभा राहिला.

"उरलेले पैसे आम्ही भरतो," तो म्हणाला. "पण फुकट नाही. तुमच्या पोरांना सामन्याची ऐंशी मिनिटं चेंडू हातात धरता येत नाही. खाडीकाठच्या मॅरेथॉनमध्ये सव्वीस मैल नेऊन दाखवा. रग्बीच्या कायद्याने! चेंडू फक्त मागे द्यायचा. एकदा जरी पुढे गेला तर एक पेनी मिळणार नाही, वर आमच्या बारमध्ये येऊन आमचं गाणं म्हणायचं."

गाणं म्हणायच्या कल्पनेनेच पेनवर्नवाले पेटले. तिघं तयार झाले. माक्सेनची थोरली बहीण नॉन, वाऱ्यासारखी पळणारी. पोस्टमन हेविन, बुटका आणि अखंड बोलणारा. आणि खाटीक मेरिग, वय एकोणपन्नास, वजन विचारू नये असं.

रग्बीत चेंडू पुढे देता येत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण सव्वीस मैल त्या नियमाने पळायचं म्हणजे काय, ते पळतानाच कळलं. ज्याच्या हातात चेंडू, त्याच्या मागे बाकीच्यांनी राहायचं, कारण पुढे गेलेल्याला चेंडू देताच येत नाही. मेरिगला चेंडू मिळाला की नॉनला त्याच्या पाठीमागे दुडकत यावं लागे. एकटी असती तर ती साडेतीन तासांत घरी पोचली असती.

"काका, तुमच्या पाठीवर घामाचा नकाशा झालाय," ती मागून म्हणाली. "मला पाठ झाला."

"मग त्यात रस्ता शोध आणि गप पळ."

गर्दी वेडी झाली होती. कोणी ढोल बडवत होतं, कोणी बादल्या. "मेरिग! मेरिग!" असा घोष ऐकून त्याच्या अंगावर काटा यायचा आणि पाय आणखी दहा पावलं निघायचे. चेंडूवर माक्सेनने दातात पेन धरून आपलं नाव लिहिलं होतं. वाकडी अक्षरं घामाने पुसट झाली होती, म्हणून मेरिग हात सारखा सरकवून दुसरीकडे धरायचा.

पंचविसावा मैल गेला. शर्यत सुटल्यापासून सहा तासांनी शेवटची कमान बंद होणार होती, त्यानंतर पोचलेलं धरलं जाणार नव्हतं. घड्याळात पाच तास चौतीस मिनिटं झाली होती.

"शेवटचा तुकडा काका नेणार," नॉनने चेंडू त्याला दिला.

"मी? का?"

"का काय! चोवीस वर्षं खेळलात, एक तरी ट्राय केलात का?"

नव्हता केला. ट्राय म्हणजे रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. ते पळणाऱ्यांचं काम. मेरिगचं काम स्क्रममधलं. आठ गडी या बाजूचे, आठ त्या बाजूचे, खांद्यात खांदे अडकवून रेडे झुंजावेत तसं रेटायचं. त्याच्या उजव्या हाताच्या मिठीत मधला गडी असायचा, गेथिन. वीस वर्षांपूर्वी एकदा तो स्क्रम कोसळला. मेरिग उठला, गेथिन उठला नाही. आज गेथिन शिट्टी गळ्यात घालून कमानीजवळ, आपल्या विजेच्या खुर्चीत, पंच म्हणून बसला होता. शेजारी इदवाल.

"आम्ही पुढे जाऊन पलीकडे उभे राहतो," हेविन म्हणाला. "हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मरणार नाही!"

दोघं सुटले आणि कमान ओलांडून गेले. इथेच घोटाळा झाला, पण आनंदात कोणाच्या लक्षात आलं नाही.

मेरिग वळणावरून आला. समोर माणसांची भिंत, कानात नुसता गजर. डोळ्यांत घाम. आणि रस्त्यावर आडवी एक रुंद निळी पट्टी. रेषा! चोवीस वर्षं दुसऱ्यांनी ओलांडलेली रेषा. त्याने डोकं खाली घातलं, आरोळी ठोकली आणि आख्खं अंग हवेत झोकून दिलं. चेंडू दोन्ही हातांनी पट्टीवर टेकवला.

गर्दी चूप झाली.

ती वेळ मोजणारी पट्टी होती. कमान अजून चाळीस पावलं पुढे होती.

"टेकवला!" इदवाल कठड्यावरून ओरडला. "रेषेच्या अलीकडेच टेकवला! संपलं!"

"काय संपलं?" गेथिन शांतपणे म्हणाला. "चेंडू पुढे सुटला का? हातात धरून टेकवलाय. खेळ चालू. मेरिग, ऊठ!"

मेरिगने उठायचा प्रयत्न केला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. "नाही होत रे."

"मग मागच्याला दे!"

"मागे कोण आहे?"

मागे कोणीच नव्हतं. नॉन कमानीतून उलटी धावली, पण कमान ओलांडलेल्याला परत सोडत नाहीत. पहारेकरी बाई आडव्या आल्या. "माझ्या भावासाठी आहे हो!" नॉन रडवेली झाली. बाई हलल्या नाहीत. पाच तास चौपन्न.

गेथिनने एकदा पडलेल्या मेरिगकडे पाहिलं. मग मनगटाने गळ्यातली शिट्टीची दोरी डोक्यावरून काढली आणि इदवालपुढे केली.

"घाल गळ्यात. आता पंच तू."

"म्हणजे? आणि तू?"

"माझं नाव पेनवर्नच्या खेळाडूंच्या यादीतून कोणी कधी काढलेलं नाही. जर्सी नंबर दोन. आजही." त्याने कठड्याजवळच्या पोराला मान डोलावली. कठडा सरकला आणि खुर्ची रस्त्यावर आली.

तो थेट मेरिगकडे निघाला. शिट्टी कर्कश वाजली.

"तू चेंडूच्या पुढे आहेस!" इदवाल लालबुंद झाला होता. पण आता तो पंच होता, आणि पंच म्हणून चुकणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं. "आधी पूर्ण मागे जा! आणखी! अजून दोन पावलं! हां, आता ये!"

गेथिन मेरिगच्या पायांपाशी थांबला. मेरिग कुशीवर वळला आणि त्याने चेंडू मागे, गेथिनच्या मांडीवर ठेवला. गेथिनची बोटं मिटत नव्हती. त्याने एका कोपराने चेंडू पोटाशी दाबला, दुसऱ्या तळव्याने खुर्चीचा दांडा रेटला.

"धर मागून," तो म्हणाला. "वीस वर्षं मला धरायला बघतोयस, आता धर!"

मेरिगने खुर्चीची पाठ पकडली. गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. एक पाय ओढत, दुसरा आपटत, शिव्या देत निघाला. गर्दीचा आवाज फुटला. ढोल, बादल्या, थाळ्या, सगळं एकदम. हेविन पलीकडे उड्या मारत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. इदवाल पोट सांभाळत बाजूने धावत होता, नजर चेंडूवरून हलत नव्हती.

पाच तास सत्तावन्न. खुर्चीची चाकं रेषेपलीकडे गेली. मागोमाग मेरिगनेही रेषा ओलांडली.

"आता घे," गेथिन म्हणाला, आणि कोपर उचललं.

मेरिगने त्याच्या खांद्यावरून हात घालून चेंडू मागे ओढून घेतला, बाजूला होऊन गुडघे टेकले, आणि चेंडू जमिनीवर दाबला. त्यावर स्वतःही पडला.

इदवालने शिट्टी तोंडात धरली. त्याने रेषा पाहिली, चेंडू पाहिला, पुन्हा रेषा पाहिली. मग त्याने हात आभाळाकडे उचलला आणि इतका वेळ शिट्टी फुंकली की त्याचे गाल दुखले.

"ट्राय!" तो ओरडला. "पेनवर्नचा ट्राय! गाडी आमच्याकडून! पण रंग आमच्या क्लबचा!"

नॉन फोनवर किंचाळत होती, "माक्सेन, गाडी हिरवी येणार रे, हिरवी!" आणि पलीकडून तो ओरडत होता की हिरव्या गाडीत मी मेलो तरी बसणार नाही.

मेरिग अजून पालथाच होता.

"ऊठ आता," गेथिन म्हणाला. "टेकलाय चेंडू. सोड."

"थांब रे," खालून आवाज आला. "चोवीस वर्षांनी टेकलाय. जरा दाबू दे."